जनीकाकीचा भात

१

बाहेरकाठा फुटला त्याच्या चौथ्या दिवशी मी घरोघरी फिरून तेच ते बोलत होते.

"पाणी लागलेला तांदूळ फेकायचा. वाळवून ठेवायचा नाही. पिठाची पुडी वरून कोरडी दिसली तरी फेकायची. सुकट, जवळा, पापड, मसाला, सगळं. पत्र्याचा बंद डबा फुगला नसेल तर साबणाने धुवायचा, क्लोरीनच्या पाण्यात बुडवायचा, मग उघडायचा. फ्रीजमधली मासळी गेलीच समजा. शिजवलेलं लगेच खायचं, उरलेलं ठेवायचं नाही. आणि शंका आली तर चाखून बघायचं नाही, सरळ फेकायचं."

मी नमिता, दांडखारची आशाताई. पेणहून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं आमचं शेवटचं गाव. गावापुढे भाताची शेतं, मग मिठागरं, आणि त्यापलीकडे बाहेरकाठा, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा मातीचा लांबलचक बांध. त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणाला, भर दुपारच्या भरतीत, तो फुटला. तासाभरात गावात पाणी शिरलं. मी तेव्हा शाळेत मुलांना जंताच्या गोळ्या देत होते. माझी सुरभी दुसरीत, तीही तिथेच. शाळेचं जोतं उंच, म्हणून आम्ही वाचलो. माझा नवरा प्रणित धाटावला कंपनीत कामाला. कुंडलिकेचं पाणी पुलावर आल्यामुळे तो रोह्यातच अडकला होता. गावचे पुरुष बांधावर गोणी टाकायला गेले होते, ते तिथेच अडकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला पाणी उतरलं आणि मागे राहिला तो वास. भिजलेल्या तांदळाचा आंबूस, गोडसर वास. तो कपड्यांत बसला, केसांत बसला. प्रत्येक दारात काळ्या पडत चाललेल्या तांदळाचा ढीग आणि ढिगावर माश्या. इतक्या, की ढीग हलतोय असं वाटावं.

"वरसाचा तांदूल हाय गो नमिता," दिपिका म्हणाली. तिने सुपात घेऊन तो उन्हात पसरला होता. "तू फेकलास काय तुझा?"

"दोन गोणी फेकल्या."

तिने सूप उलटं केलं आणि पायरीवर बसून रडायला लागली. मी वहीत तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या दारात गेले.

२

शेवटचं घर जनीकाकीचं. गावापासून जरा सुटं, शेताच्या उतारावर खाली, बांधाकडे तोंड करून. नात्याने ती माझी कुणी नाही. पण माझी सासू लग्नाआधीच गेलेली आणि आई लांब माणगावला. मी फेरीला निघाले की सुरभीला सांभाळायची ती जनीकाकीच. तिचा नवरा काळुरामकाका, जन्मभर मिठागरात राबलेला माणूस, उन्हाने पाठीची कातडी जाड झालेली. त्यांना मूलबाळ नव्हतं.

पाणी उतरलं त्या सकाळी सगळं गाव उपाशी होतं. शाळेतलं धान्यही भिजलेलं. मदतीची गाडी यायला संध्याकाळ होणार होती. तेवढ्यात शेताकडून काकीची हाक आली, "पोरांना पाठवा गो! भात केलाय!" तिच्याकडे कोरडा तांदूळ कसा, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला विहिरीत ब्लीचिंग टाकायचं होतं. मी सुरभीला आणि आणखी तिघींना तिच्याकडे पाठवलं. चिखलातून जाताना सुरभीच्या तळपायाला पत्रा लागला, तशीच लंगडत ती गेली. पुढचे तीन दिवस चौघी तिथेच जेवल्या.

मीच पाठवली. हे मला कुणी सांगायला नको.

तर चौथ्या दिवशी मी काकीच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. काय ते कळेना. जमीन ओली, भिंती ओल्या, कोपऱ्यात गाळ. तशा सगळ्यांच्याच होत्या. काकी चुलीपुढे पाठमोरी बसली होती. बाजूला मोठा टोप, त्यावर झाकण नाही, आत पांढराशुभ्र भात.

मग कळलं. आवाज नव्हता. गावभर कानाशी घोंगावणाऱ्या माश्यांचा आवाज उंबऱ्याबाहेर थांबला होता. उघड्या भातावर एकही माशी नव्हती.

"काकी, हा भात कधीचा?"

"पाणी उतरला त्या सकालचा."

"तीन दिवस झाले! फेक तो. पोरींना हाच वाढतेस?"

"खराब झालाय काय? वास घे नि बघ."

मी वाकले. वास नव्हता. आंबल्याचा नव्हता, तसा भाताचाही नव्हता. शिजलेल्या भाताला स्वतःचा वास असतो, तो कुठल्याही बाईला डोळे मिटून ओळखता येतो. इथे जणू मी रिकाम्या टोपावर वाकले होते.

"बस गो बाय," काकी म्हणाली. "चार दिस उपाशी हायस. जेव."

"मी जेवून आले," मी खोटं बोलले. आणि का खोटं बोलले ते मला समजलं नाही.

३

मी त्यातला मूठभर भात सोबतच्या स्टीलच्या वाटीत घेतला. काकीला सांगितलं, तपासायला देते. घरी आल्यावर तो खिडकीत ठेवला. शेजारी दुसऱ्या वाटीत मदतीच्या गाडीतून आलेली खिचडी ठेवली. मनात काहीबाही येतं तेव्हा नीट पाहून घ्यावं, असं प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं.

संध्याकाळपर्यंत खिचडीला फेस आला. दुसऱ्या दिवशी तिच्यावर मुंग्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी हिरवट बुरशी. मुंग्यांची रांग भाताच्या वाटीपाशी येऊन वळसा घालून जात होती. भाताचं शीत न् शीत मोकळं, ओलसर, जसंच्या तसं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना मी फोन केला. त्या बिचाऱ्या तीन गावांचे जुलाब सांभाळत होत्या.

"खाऱ्या पाण्यात शिजवला असेल," त्या म्हणाल्या. "मीठ जास्त असलं की टिकतं. तुम्ही खारेपाटातल्या, तुम्हाला मी काय सांगू?"

हे पटण्यासारखं होतं. मी ते स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगितलं. मग एकदा सुरभीला विचारलं, "काकीचा भात खारट लागतो का गं?"

"नाही."

"मग कसा लागतो?"

तिने विचार केला. खरंच आठवायचा प्रयत्न केला. "काही नाही लागत, आई," ती म्हणाली. "पण पोट भरतं."

मी ती वाटी उचलली, बांधापर्यंत चालत गेले आणि भात ओहोटीच्या पाण्यात टाकला. वाटीही टाकली.

४

सुरभीला काकीकडे पाठवणं मी चौथ्या दिवसापासूनच बंद केलं होतं. घरी गॅस होता, शिध्याचे कोरडे तांदूळ होते. मी तिच्या आवडीचं सगळं केलं. ती ताटावर बसायची, घास मोडायची, बोटांनी फिरवायची आणि म्हणायची, "पोट भरलंय."

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"भरलेलंच आहे."

गावात जुलाब, ताप, पायांना चिखल्या. मी गोळ्या वाटून थकले. त्या चार पोरींना मात्र काहीच झालं नाही. त्यांच्या आया मला भेटून सांगायच्या, जनीकाकीचे हात धुऊन प्यायला हवेत. डासांनी गावातली पोरं फोडून काढली होती. सुरभीच्या अंगावर एक चावा नव्हता.

मग मी तिच्या पायाकडे नीट पाहिलं. पत्र्याची जखम रोज मीच पुसत होते, पट्टी बदलत होते आणि पू नाही म्हणून देवाचे आभार मानत होते. आठव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा माझा हात थांबला. पू नव्हता. सूज नव्हती. पण खपलीही नव्हती. कडा जुळल्या नव्हत्या. जखम लाल आणि ओली होती, आत्ता लागल्यासारखी. दाबलं तर रक्ताचा एक थेंब वर यायचा आणि तिथेच थांबायचा.

"दुखतं का?"

"नाही."

तिला घेऊन मी पेणला गेले. तिथल्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि मला शाबासकी दिली. "छान स्वच्छ ठेवली आहे. कुठे इन्फेक्शन नाही. भरेल हळूहळू."

"ती जेवत नाही."

त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. जूनमध्ये शाळेत मी स्वतः तिचं वजन करून कार्डावर लिहिलं होतं. तेवढंच भरलं. "वजन घटलेलं नाही. धक्का बसलाय पोरीला. जेवेल."

गावात परतल्यावर मी बाकी तिघींची नखं पाहिली. त्यांच्या आयांना विचारलं, शेवटची कधी कापली? नारळी पौर्णिमेच्या आधी, सगळ्या म्हणाल्या. कापायची वेळच आली नाही.

५

नवव्या दिवशी पंचनामा होता. तलाठ्यांबरोबर प्रत्येक घरात पाणी कुठवर चढलं ते मोजायचं. भिंतीवर गाळाची रेघ असते, टेप लावायची आणि आकडा सांगायचा. माझ्या घरात साडेतीन फूट, दिपिकाच्या घरात चार. जनीकाकीचं घर लांब म्हणून तलाठी म्हणाले, "ताई, तेवढं तुम्ही बघून या."

उन्हं चढली होती. काळुरामकाका बाहेर ओट्यावर बसला होता, हातात मदतीतला बिस्किटाचा पुडा. मी आत जाऊन बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर रेघ शोधू लागले. कमरेपाशी नव्हती. खांद्यापाशी नव्हती. मी हात वर केला, तिथवरही सगळी भिंत एकसारखी गाळाची होती. मग मी वर पाहिलं.

काकी सगळ्यांना सांगायची, पाणी आलं तशी मी माळ्यावर चढून बसले. माळा म्हणजे चार फळ्या, त्यावर कधीकाळी पेंढा ठेवायचे. गाळाची रेघ त्या फळ्यांच्या वर होती. फळ्यांच्या वर, वाशांच्याही वर. कौलांच्या आतल्या बाजूला मिठागरातलं शेवाळ चिकटून वाळलं होतं.

मी बाहेर आले. काकाच्या शेजारी बसले.

"काका, तू आत जेवत नाहीस?"

"नाय."

"का?"

त्याने पुड्यातलं एक बिस्किट काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. "मी होडीतून आलो त्या सकाली," तो म्हणाला. "दार आतून लागलेला. कौलं काढून उतरलो. ती होती तिथं, माल्याखाली. मी तिला उचलली नि बाजेवर निजवली. लुगडं सारखं केलं. डोलं मिटवलं." त्याने हाताने तसं करून दाखवलं. "मग माणसं बोलवाया बांधाकडं निघालो. अर्ध्या वाटंवर तिची हाक आली. पोरांना पाठवा गो. भात केलाय."

मी हातातली टेप गुंडाळून ठेवली.

"माझीच चूक झाली आसंल," काका म्हणाला. "जीव आसंल तिच्यात. मना कललं नसंल. म्हातारा मानूस मी. आसंल ना गो, नमिता? तू आशाताई हायस. आसा होता ना कवा कवा?"

"होतं," मी म्हणाले. "कधी कधी होतं."

"चूल वली होती," तो हळूच म्हणाला. "आजून वली हाय."

तेवढ्यात आतून काकीने हाक मारली. "नमिता आलीय काय? ये गो, ऊन हाय भायेर."

मी उठले ते पळून जायला. पण नेहमीच्या हाकेला पाय नेहमीसारखेच गेले. दारातून मला ती दिसली. चुलीत राख चिखलासारखी होती. तिच्यावर टोप होता. ती डावाशिवाय, हातानेच भात ताटात काढत होती आणि खिडकीतलं ऊन तिच्या हातांवर पडलं होतं. बोटं पांढरी फटक, फुगलेली, कातडीला सुरकुत्या पडलेल्या. तास न् तास पाण्यात राहिल्यावर पडतात तशा. नऊ दिवस झाले होते.

ती माझ्याकडे पाहून हसली. अगदी नेहमीसारखं. त्याचंच मला सगळ्यात जास्त भय वाटलं, की ती जनीकाकीच होती.

तलाठ्यांना मी आकडा सांगितला: पाच फूट.

६

आठवड्याच्या आत मी प्रणितला गळ घातली आणि आम्ही रोह्यात खोली घेतली. भिंतींना ओल आहे, पोरीला बाधेल, एवढंच त्याला सांगितलं. जाताना वाटेत गडब गावी गाडी थांबवून त्याने वडापाव घेतले. सुरभीने तिचा हातात धरून ठेवला, रोह्याचं स्टेशन येईपर्यंत. मग तो तिने बापाला दिला.

डॉक्टर केले. रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. सगळं ठीक. "दिसायला तर छान आहे," प्रणित म्हणायचा. "तूच काळजी करून अर्धी झालीस." ते खरं होतं. तिच्याऐवजी मीच वाळत चालले होते. रोज तीन वेळा मी स्वयंपाक करायचे आणि रोज तिचं ताट उचलून ठेवायचे. रात्रीचं उरलेलं सकाळी विटायचं. त्या विटलेल्या भाताचा वास मी मुद्दाम घ्यायचे. त्यानेच जरा बरं वाटायचं.

सप्टेंबरच्या शेवटी दिपिकाचा फोन आला. काळुरामकाका तापाने गेला, त्याला पंधरा दिवस झाले होते. चिखलाच्या पाण्यातून येतो तो ताप. पेणच्या दवाखान्यात तीन दिवस होता.

"कुणी होतं जवळ?"

"काकी होती की. पन तिच्या हातचा पानीपन घेत नव्हता शेवटाला. तोंड फिरवत होता." दिपिका हुंदका देऊन म्हणाली. "पन काकीचा मन बग. तेराव्याला आख्ख्या गावाला जेवू घातला. सोता टोप घेऊन बसली. कुनाला हात लावू देयना."

"तू जेवलीस?" मी विचारलं.

"सगलीच जेवली. येवढी मानसा, नि कुनाचा पोट बिघडला नाय, बग."

मी पुन्हा कधी दांडखारला गेले नाही. मी काय सांगणार होते तिथे जाऊन? संशय आला की फेका, हे मी जन्मभर बोलत आले. धान्याबद्दल बोलत आले. माणसांबद्दल तसं कुणाला सांगणार? आणि सुरभीबद्दल स्वतःला?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी बाजारात गेले होते. परत आले तर प्रणित पहिली पाळी करून आला होता आणि जमिनीवर ताट घेऊन बसला होता. सुरभी त्याच्यासमोर उकिडवी बसलेली.

"बघ, पोरीने काय केलंय!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मी दारातच थांबले. "पहिला भात! एकटीने. मी म्हटलं, आईची वाट बघू, तर म्हणे नाही, बाबा, तुम्ही दमून आलात."

ताट रिकामं होतं. त्याने बोटं चाटून पुसली होती.

"कसा झालाय?" मी विचारलं. माझा आवाज मला लांबून ऐकू आला.

तो हसला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली, काहीतरी आठवत असल्यासारखी. "चांगला झालाय," तो म्हणाला. "पोट भरलं."

खोलीत कसलाच वास नव्हता. उदबत्तीचा नाही, त्याच्या कंपनीच्या कपड्यांचा नाही. संध्याकाळच्या खिडकीत रोज डास असायचे, ते नव्हते. मी शेगडीकडे पाहिलं नाही. ती गरम आहे का ते हात लावून बघावं असं मनात आलं, पण बघून काय करणार होते?

सुरभीने दुसरं ताट घेतलं, छोट्या हातांनी त्यात भात वाढला आणि माझ्यापुढे सरकवलं.

"बस ना, आई," ती म्हणाली. "तू किती दिवस जेवली नाहीस."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे केस मी सकाळी विंचरले होते, तसेच होते. सातच वर्षांची होती ती. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मी म्हातारी होत जाणार आणि ही दोघं अशीच समोर बसून माझ्यापुढे ताट ठेवत राहणार, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं. मला त्या दोघांना सोडून जायचं नव्हतं. तेवढंच ठरलं माझ्या मनात, बाकी काही नाही.

मी हात धुतले. पदराला पुसले. मांडी घालून बसले.

पहिला घास गरम नव्हता, गारही नव्हता. सुरभी माझ्या तोंडाकडे बघत होती. कुणाला पहिल्यांदाच काहीतरी वाढलं की मुलं बघतात, तशी.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

"छान झालाय, बाळा," मी म्हणाले आणि दुसरा घास घेतला.